सॅमनवरचं ग्लेझ का करपतं? रात्रीच्या झटपट जेवणासाठी चकचकीत सॅमन करण्याआधी हे वाचा

रील्स बघता बघता हा पदार्थ तुमच्या समोरून नक्की गेला असेल. केशरी-गुलाबी माशाची जाड तुकडी, तिच्यावर मधासारखा चकचकीत थर, वर पांढरे तीळ आणि कांद्याची हिरवी पात. खाली लिहिलेलं असतं, "१५ मिनिटांत डिनर तयार!"

१५ मिनिटांचा दावा खोटा नाही. पण घरी करायला गेलं की बहुतेकांच्या बाबतीत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर वरचा थर काळाठिक्कर होऊन कडू लागतो आणि मासा आत कच्चाच राहतो. नाहीतर मासा नीट शिजावा म्हणून वाट पाहता पाहता तो कोरडा, भुशासारखा होऊन बसतो. सॅमन काही स्वस्त मासा नाही. भारतात तर तो आयात होऊन येतो आणि त्याची किंमत पाहून सुरमईसुद्धा स्वस्त वाटायला लागते. त्यामुळे एक तुकडी वाया गेली तरी जीव हळहळतो.

मंडळी, यात दोष रेसिपीचा कमी आणि वेळेचा जास्त असतो. एकाच ताटलीत दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी आहेत. मासा हळुवार आचेवर खूश असतो, साखरेला मात्र जोरदार आच लागते आणि ती मिळाली की ती दोन मिनिटांत जळूनही जाते. दोघांना एकाच वेळी आत ढकललं की कुणा एकाचा बळी जाणारच.

ग्लेझ म्हणजे आपला पाकच

ग्लेझ हा शब्द ऐकून बिचकायचं कारण नाही. चिरोट्यांवर आपण जो पाक चढवतो, त्याचाच हा खारट-तिखट भाऊ. साखर किंवा मध, त्यात काहीतरी खारट, काहीतरी आंबट, आणि हे सगळं आटवून इतकं दाट करायचं की ते पदार्थावरून ओघळून न जाता त्याला धरून राहील.

ही कल्पना जपानी स्वयंपाकात फार जुनी आहे. तेरियाकी हा शब्दच दोन तुकड्यांचा आहे, तेरी म्हणजे चकाकी आणि याकी म्हणजे भाजणं. सोया सॉस, मिरिन नावाची तांदळाची गोडसर दारू, साके आणि साखर एवढ्यावर मूळ तेरियाकी होते. गंमत म्हणजे जपानमध्ये तेरियाकीसाठी घरोघरी बुरी नावाचा मासा जास्त लाडका. मिरिनच्या जागी मध, साकेच्या जागी लिंबू किंवा व्हिनेगर आणि भरपूर लसूण ही पुढची अमेरिकन घरगुती आवृत्ती. आज रील्सवर दिसते ती बहुतेक हीच. कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात मधाऐवजी मेपल सिरप येतं, काही ठिकाणी मोहरीची पेस्ट.

आणि सॅमन जगभर एवढा सहज मिळायला लागला तो नॉर्वेमुळे. १९७० साली तिथल्या हित्रा बेटावर ग्रोन्टवेट बंधूंनी समुद्रात जाळीचे पिंजरे लावून सॅमनची पिल्लं वाढवली आणि तिथून आधुनिक सॅमनशेती उभी राहिली. त्याआधी हा मासा हंगामी होता. आज बुधवारी रात्री ऑफिसहून येऊन तो सहज करता येतो, त्यामागे ही शेती आहे.

साखर का जळते?

साधी साखर साधारण १६० अंश सेल्सिअसला कॅरमल व्हायला लागते. मधात मात्र फ्रुक्टोज भरपूर असतं आणि ते ११० अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागतं. त्यात सोया सॉसमधली प्रथिनं आणि साखर यांची आपापसात अभिक्रिया होते, त्यामुळे थर आणखी लवकर तपकिरी होतो. हाच तो खमंगपणा, ज्यासाठी आपण हे सगळं करतो. पण ओव्हन असतो २०० अंशांवर. तपकिरी आणि काळा यांच्यात मग फक्त दोनेक मिनिटं उरतात.

आता माशाकडे बघा. माशाची प्रथिनं ५० अंशांच्या आसपासच घट्ट व्हायला लागतात. ६०-६५ च्या पुढे गेलं की स्नायू पिळवटून पाणी बाहेर टाकतात. सॅमन शिजताना त्याच्या अंगावर पांढरे, दह्याच्या कवडीसारखे ठिपके येतात ना? तेच ते, अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. ते खराब मुळीच नाही, बिनधास्त खा. पण ते खूप आलं तर समजा की आच जास्त झाली किंवा वेळ जास्त झाला.

म्हणजे करायचं काय? ग्लेझ आधी वेगळं आटवून तयार ठेवायचं, मासा जवळपास शिजवून घ्यायचा आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत त्याच्यावर ग्लेझ चढवायचं. सुरुवातीपासून मधात बुडवून मासा ओव्हनमध्ये ढकलणारी रील दिसली तर खुशाल पुढे स्क्रोल करा.

पाकिटातला मासा: इथे मात्र गंमत नको

रेसिपीकडे जाण्याआधी एक गोष्ट, जी रील्समध्ये जवळजवळ कुणीच सांगत नाही.

सॅमन बहुतेक वेळा हवाबंद, व्हॅक्यूम केलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात गोठवलेला मिळतो. सकाळी ऑफिसला जाताना ते पाकीट तसंच फ्रिजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, ही सर्वांची सवय. मात्र पाकीट फ्रिजमध्ये ठेवण्याआधी ते उघडा, निदान कात्रीने एक कोपरा तरी कापा. बोट्युलिझम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार ज्या जिवाणूमुळे होतो, त्याचा माशांमध्ये सापडणारा एक प्रकार हवा नसलेल्या जागेत वाढतो आणि त्याला ३-४ अंशांची थंडीही चालते. आपले घरातले फ्रिज बऱ्याचदा त्याहून कमी थंड असतात. हवा आत गेली की हा धोका टळतो. काम दोन सेकंदांचं आहे. पाकिटावरही बहुतेक वेळा बारीक अक्षरात हेच छापलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच.

रात्रीच फ्रिजमध्ये ठेवायला विसरलात? मग पाकीट बंद असतानाच थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवा. दीडशे ग्रॅमच्या तुकड्या अर्ध्या-पाऊण तासात सुटतात आणि लगेच शिजवायच्या. ओट्यावर तासन् तास ठेवायचा किंवा गरम पाण्यात टाकायचा शॉर्टकट घेऊ नका.

खरेदी करताना अजून एक. गोठवलेल्या माशाच्या धंद्यातही ग्लेझ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ भलताच, माशावर चढवलेला बर्फाचा पातळ थर. तो मासा सुकू नये म्हणून असतो, पण काही ठिकाणी जाडजूड असतो. पाकिटावर निव्वळ वजन बर्फ सोडून दिलंय का तेवढं बघून घ्या, नाहीतर सॅमनच्या भावात पाणी विकत घ्याल.

रंगावरून मात्र फार निष्कर्ष काढू नका. जंगली सॅमनला तो गुलाबी रंग कोळंबीसारखे जीव खाऊन मिळतो, त्यातल्या अॅस्टाझॅन्थिन नावाच्या द्रव्यामुळे. शेतीतल्या सॅमनला तेच द्रव्य खाद्यातून देतात. गडद रंग म्हणजे जास्त ताजा, असं काही नसतं. ताजेपणा वासावरून आणि मांस बोटाने दाबल्यावर परत वर येतं का यावरून कळतो, जसं आपण बाजारात बाकी मासे बघतो तसंच.

चार जणांसाठी काय लागेल?

सॅमनच्या सालीसकट चार तुकड्या, प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास आणि शक्यतो सारख्या जाडीच्या. एक शेपटीकडची पातळ आणि एक मधली जाड असेल तर पातळवाली हमखास कोरडी होते.

ग्लेझसाठी तीन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे मध, एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा तांदळाचं व्हिनेगर, किसलेल्या लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं किसून आणि चवीपुरते चिली फ्लेक्स. घरात तिळाचं तेल असेल तर शेवटी अर्धा छोटा चमचा, पण ते भाजलेल्या तिळाचं हवं. आपल्याकडचं कच्च्या तिळाचं घाणीचं तेल इथे वेगळीच चव देतं. मीठ अजिबात नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. ग्लेझ चौघांत वाटलं जातं म्हणून निभावतं. घरात रक्तदाबाचा त्रास असलेलं कुणी असेल तर कमी मिठाचा सोया सॉस आणा, किंवा सोया दीड चमचा करून लिंबू वाढवा.

मधाऐवजी गूळ चालतो का? चालतो, आणि माझ्या मते सोया सॉसबरोबर तो मधापेक्षा छान लागतो. बारीक चिरून दोन चमचे घ्या. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ वापरलंत तरी जमून जातं, मात्र आगळात आधीच मीठ असतं, तेव्हा सोया सॉस थोडा कमी.

कसं करायचं?

ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर, म्हणजे अमेरिकेतल्या ओव्हनवर ४०० फॅरनहाइटला, तापत ठेवा. छोट्या ओटीजीला नीट तापायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात ग्लेझ होतं.

तिळाचं तेल सोडून ग्लेझचं सगळं साहित्य छोट्या कढल्यात मध्यम आचेवर ठेवा. तीन-चार मिनिटांत ते आटून साधारण निम्मं होईल. एकतारी पाकाच्या थोडं अलीकडे थांबायचं. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि बोटाने रेघ ओढल्यावर ती मिटली नाही की गॅस बंद. थंड झाल्यावर ते आणखी दाट होतं, म्हणून कढल्यात असतानाच मधासारखं दाट करू नका. आणि लगेच त्यातलं निम्मं वेगळ्या वाटीत काढून ठेवा. कच्च्या माशाला लागलेला ब्रश ज्या भांड्यात बुडवला, ते ग्लेझ नंतर भातावर घ्यायचं नसतं. ही वेगळी वाटी वाढताना कामाला येते.

माशाच्या तुकड्यांवरून बोट उलटसुलट फिरवा, मधोमध एका ओळीत काटे लागले तर चिमट्याने ओढून काढा. मग तुकड्या टिश्यूने कोरड्या पुसा, अगदी ठणठणीत कोरड्या. ओल्या माशावर ग्लेझ टिकतच नाही, ते पाण्याबरोबर घसरून खाली ट्रेमध्ये जाऊन जळतं. अल्ब्युमिनचे पांढरे ठिपके कमी हवे असतील तर पुसण्याआधी एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात मासा फक्त दहा मिनिटं ठेवा. हे केलंत तर ग्लेझमधला सोया सॉस अर्धा चमचा कमी करा.

एक सवय मात्र इथे सोडावी लागते. आपण मासा आणला की हळद, मीठ, आगळ लावून तासभर मुरवत ठेवतो. बांगड्याला, सुरमईला ते छान. सॅमनला आंबटात तासभर ठेवलं की त्याचं मांस वरून शिजल्यासारखं पांढुरकं आणि पिठूळ होतं.

ट्रेवर अॅल्युमिनियम फॉइल घाला. बटर पेपर नको, कारण शेवटी वरची कॉइल लावल्यावर तो पेट घेऊ शकतो. फॉइलला तेलाचा हात लावा, तुकड्या सालीची बाजू खाली करून ठेवा, वरून थोडं तेल लावा आणि ट्रे आत सरकवा.

सात मिनिटांनी बाहेर काढून ग्लेझचा पहिला थर लावा. परत आत, दोन-तीन मिनिटं. मग दुसरा थर लावा आणि फक्त वरची कॉइल, म्हणजे ग्रिल किंवा ब्रॉइल, चालू करून एक ते दोन मिनिटं. या दोन मिनिटांत ओव्हनसमोरून हलायचं नाही, फोन खाली ठेवायचा. बुडबुडे आले आणि कडा थोड्या काळपट झाल्या की बाहेर. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी त्याआधी खिडकी उघडून एग्झॉस्ट लावावा. फोडणीने वाजणारा स्मोक अलार्म जळक्या मधाने तर नक्कीच वाजतो.

एकूण वेळ किती, हे जाडीवर ठरतं. कॅनडातला एक जुना नियम आहे, एक इंच जाडीला दहा मिनिटं. सुरुवातीला तो धरून चाला आणि आपल्या ओव्हनचा स्वभाव कळला की मिनिटभर मागेपुढे करा. शिजला की नाही हे बघायला जाड भागात काट्याने हलकेच दाबा. मांसाच्या पाकळ्या सुटायला लागल्या आणि मधला भाग किंचित पारदर्शक राहिला की तो काढायचा. बाहेर दोन-तीन मिनिटं ठेवल्यावर उरलेलं काम आतली उष्णता करते.

थर्मामीटर असेल तर आकड्यांत सांगतो. शेतीतल्या सॅमनसाठी बरेच स्वयंपाकी ५२ अंशांवर थांबतात, तेव्हा तो लोण्यासारखा लागतो. अमेरिकेतल्या सरकारी अन्नसुरक्षा सूचनांमध्ये मात्र माशासाठी ६३ अंशांचा आकडा आहे. घरात गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर ६३ च धरा, चर्चा नको. ग्लेझचा एक फायदा इथे होतो, मासा थोडा जास्त शिजला तरी तो थर त्याला सांभाळून घेतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध शिजवलेलासुद्धा देत नाहीत, म्हणून त्याची तुकडी बिनग्लेझची.

ओव्हन नसेल तर

तवा उत्तम. खरं तर सालीचा कुरकुरीतपणा तव्यावरच जमतो. नॉनस्टिक किंवा चांगला मुरलेला बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवा, चमचाभर तेल, साल खाली करून तुकड्या ठेवा आणि पहिली दहा सेकंद उलथन्याने हलकेच दाबून धरा, म्हणजे साल आक्रसत नाही. पाच-सहा मिनिटं हात लावू नका. बाजूने बघितलं तर मांसाचा रंग खालून वर फिका होत जाताना दिसतो. तीन-चतुर्थांश फिका झाला की उलटा, मिनिटभराने परत सुलटा करा, आच अगदी मंद करा आणि आता ग्लेझ बाजूने ओता. चमच्याने तेच परत परत माशावर घालत राहा, अर्धा-पाऊण मिनिट पुरे.

एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर एकूण सात ते नऊ मिनिटं, ग्लेझ शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. पंख्याच्या वाऱ्याने पातळ ग्लेझ उडून जातं, तेव्हा ते जरा दाटच ठेवा.

रावस म्हणजे सॅमन का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगून टाकू. नाही. हॉटेलच्या मेनूकार्डवर इंडियन सॅमन असं लिहितात तो आपला रावस. तो थ्रेडफिन नावाच्या वेगळ्याच कुळातला, आपल्या किनाऱ्यावरचा मासा आहे. चवीला सुरेख, पण मांस पांढरं आणि सॅमनच्या मानाने चरबी बरीच कमी. सॅमनच्या शंभर ग्रॅममध्ये, शेतीतला असेल तर, साधारण १३ ग्रॅम चरबी असते. तो थोडी चूक पोटात घालतो ते त्यामुळेच. रावस घालत नाही. रावसाला ग्लेझ करायचं तर तेल किंवा लोणी सढळ हाताने लावा आणि एक-दोन मिनिटं आधीच बाहेर काढा. छान होतो, पण त्याला रावसच म्हणा.

सॅमनचा खरा नातेवाईक भारतात हवा असेल तर तो काश्मीर आणि हिमाचलच्या थंड पाण्यातला रेनबो ट्राउट. इंग्रजांच्या काळात ट्राउट इकडे आणले गेले आणि आता त्यांची शेती होते. मुंबई-पुण्यात मोठ्या शहरी दुकानांत तो गोठवलेला मिळतो. तुकडी पातळ असते, म्हणून वेळ जवळपास निम्मा.

मात्र सॅमनसारखी चरबी आणि ओमेगा-३ हवं असेल, तर सगळ्यात जवळचा पर्याय कोळीणबाईच्या टोपलीत आहे, बांगडा! नाक मुरडू नका. जपानमध्येही बांगड्याच्या जातभाईला, सबाला, असंच सोया-साखरेत परततात. कोळीणबाईकडून पाठीचा काटा काढून दोन फाका करून घ्या, तव्यावर साल खाली करून तीन मिनिटं, उलटून एक मिनिट आणि वर गूळ-आल्याचं ग्लेझ. पैसे सॅमनच्या काही अंशानेच लागतात.

सोबत काय आणि उरलं तर?

भात हवाच, शक्यतो थोडा चिकट होणारा. इंद्रायणी असेल तर सोन्याहून पिवळं. बाजूला ठेवलेलं ग्लेझ त्या भातावर. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ-लिंबू लावलं की गोडवा कापला जातो. ब्रोकोली किंवा फरसबी त्याच ट्रेमध्ये कडेला टाकली तर माशाबरोबरच भाजून निघते.

उरलेला सॅमन फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तो गरम करू नका, मासा कोरडा होतो आणि वास अख्ख्या मजल्यावर फिरतो. थंडच खा, भाताबरोबर कुस्करून, वर थोडी कच्ची कांद्याची पात आणि लिंबू पिळून.